मुकादमाची शुगर आणि माझं मार्जिन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. हे पत्र लिहायला बसण्याआधी पाऊण तास मी खरोखरच जमिनीवर पालथा होतो, शिलाई मशीनच्या खाली हात घालून. तिथे कोण होतं ते पुढे सांगतो.) तुझी तब्येत बरी असावी अशी आशा आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्या पत्राची धार बघता ती ठणठणीत दिसते. इकडे मी, तुझी भावजय आणि मांजर असे तिघंही जिवंत आहोत. तुझ्या पत्रानंतर याहून जास्त खुशाली कळवायची माझी इच्छा नाही.

पत्र दोनदा वाचलं, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. तू लिहितेस की मी मुक्या जनावराला दिवसातून दोनदा सुया टोचून त्याचे हाल करतोय, आईने मला हे शिकवलं नव्हतं. पुढे लिहितेस की तुला स्वतःला अठरा वर्षं शुगर आहे, डॉक्टर चार महिने इन्सुलिन घ्या म्हणून मागे लागलेत, तरी जीव गेला तरी तू सुई लावून घेणार नाहीस, आणि जे माणसाने सोसू नये ते मांजराने का सोसावं. शेवटी 'कसाई' हा शब्द आहे आणि त्याच्याखाली रेघ मारली आहे. ताई, पस्तीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतोय. ट्रायलच्या वेळी माझी टाचणी ज्यांना लागली अशी गिऱ्हाइकं एकूण तीन, आणि त्यातलं एक सारखं हलत होतं. असा माणूस कसाई काय? तेव्हा आता सगळं सविस्तर ऐक. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, इथे उंट नाही आणि शेळीला नखं आहेत.

मुकादम तुला माहीत आहे. मागच्या खेपेला तुझ्या चष्म्यावर बसून ज्याने काडी मोडली तोच. मी कापड कापताना तो टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कात्रीवर नजर ठेवतो, स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्याच्या कामावर कधी खूश नसतो, म्हणून हे नाव. तर हा मुकादम पाणी पिऊ लागला. आधी स्वतःच्या वाटीतलं, मग इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडायला ठेवतो त्या भांड्यातलं, मग मोरीतल्या बादलीच्या काठावर पाय टेकवून. आत गेलेलं बाहेर येणारच, ते चिंध्यांच्या पोत्यात येऊ लागलं. खायचा दुप्पट आणि दिवसेंदिवस वाळायचा. मग एके दिवशी तो टेबलावर उडी मारायला गेला आणि मारलीच नाही. मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकलेले, खाली उभा राहून नुसता वर बघत होता. ताई, सहा वर्षं त्या टेबलावर ज्याने मला धड कोपर टेकू दिलं नाही, तो खाली उभा. अर्धवट कापलेलं कापड तसंच टाकलं, त्याला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

गडबडीत मापाची टेप गळ्यातच राहिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात त्यांची ती नळी, माझ्या गळ्यात टेप, त्यामुळे बाकावरच्या एका बाईंनी मला मदतनीस समजून कुत्र्याच्या जंतांबद्दल विचारलं. (मी मला माहीत होतं ते सांगितलं. कुत्र्याला उपाशी ठेवा असं सांगितलेलं नाही, एवढं खात्रीने आठवतं.) डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण जरब हेडमास्तरांची. रक्त घेतलं, वर उद्या लघवीही आणा म्हणाल्या, जणू ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दीड दिवस मी पळी घेऊन घरभर त्याच्या मागे फिरलो. तो बसला की मी वाकायचो, मी वाकलो की तो उठायचा. पंधरा दिवस राजरोस माझ्या चिंध्या भिजवणाऱ्या प्राण्याला एकाएकी लाज वाटू लागली. शेवटी जेमतेम चमचाभर मिळालं आणि निकाल लागला, मांजराला डायबेटिस. मी म्हटलं, बाई, याला कसली काळजी, हा दिवसातले सोळा तास झोपतो, गोडाला तोंड लावत नाही, नातेवाइकांची पत्रं येत नाहीत. त्यांनी इन्सुलिनची बाटली पुढे ठेवली. सकाळी सातला सिरिंजवरच्या दोन रेघा, संध्याकाळी सातला दोन रेघा, आधी खाणं आणि मग सुई, बाटली फ्रिजमध्ये. दोन रेघा म्हणजे दोन रेघा, हे त्यांनी तीनदा बजावलं. इन्सुलिन फार झालं तर मांजर झोकांड्या खाऊ लागेल, तेव्हा हिरड्यांना मध चोळा आणि धावत या, हेही सांगितलं.

आता या साताचा जाच काय सांगू. संध्याकाळी सात ही आमच्या धंद्यात ट्रायलची वेळ. ऑफिसं सुटलेली, माणसं दुकानात. बँकेतले एक साहेब आहेत, स्वभावाने गरीब. त्यांची पँट अंगावर चढवून दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या की घड्याळात सात वाजायचे आणि मी आत. साहेबांना बसता येत नाही, चालता येत नाही, पँट काढताही येत नाही. आधी मुकादमाच्या कानाला टोचून थेंबभर रक्त यंत्राच्या पट्टीवर घ्यायचं (हे तिसऱ्या प्रयत्नाला जमतं, आणि पहिल्या दोन प्रयत्नांत पट्टीवर माझं रक्त असतं, माझी शुगर एकदम उत्तम आहे, हे यातून कळलं), मग खाणं, मग सुई. पंधरावीस मिनिटांनी बाहेर यावं तर साहेब भिंतीवरच्या कॉलरच्या फॅशनींचा तक्ता वाचत उभे. महिन्याभरात त्यांना तो पाठ झाला.

आणि एवढं करून शुगर उतरेना. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच मुकादमाचं पान केलं होतं. सकाळी तीनशे दहा, संध्याकाळी दोनशे पंच्याण्णव, परत तीनशे पाच. डॉक्टरीणबाई पान बघायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या आणि कमाल आहे म्हणायच्या. कमाल कसली होती ते आता लिहितो. यात माझी चूक आहे, पण ती माझी एकट्याची नाही, हे आधीच नोंदवून ठेव. शिंप्याच्या हाताला एक खोड असते. गिऱ्हाइकाची कंबर बत्तीस भरली तरी तो शिवणीच्या आत थोडं कापड जास्त सोडतो. जास्त असलं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर ब्रह्मदेवही काही करू शकत नाही. याला आम्ही मार्जिन म्हणतो. तर ताई, दोन रेघा भरायला घेतल्या की माझा हात आपोआप अडीचवर जायचा. शुगर उतरत नाही म्हटल्यावर तीनवर जायला लागला. वहीत मात्र मी दोनच लिहीत होतो, कारण वहीत माप लिहितात, मार्जिन कोणी लिहीत नाही.

तिकडे स्वयंपाकघरात तुझी भावजय. तीही याच धंद्यातली, काजं-बटणं आणि हातशिलाई सगळी तिची. बटणाला चार टाके पुरतात तिथे ती सहा घालते. उपाशीपोटी सुई द्यायची नाही एवढं तिच्या कानावर पडलं होतं. म्हणून ठरवून दिलेलं खाणं झाल्यावर, असावं जरा जास्त, अशा हिशेबाने ती चहाची गोड बिस्किटं दुधात कुस्करून त्याला घालत होती. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तिने मला सांगितलं नाही आणि मी तिला सांगितलं नाही. महिनाभर तिचं मार्जिन आणि माझं मार्जिन एकमेकांना खाऊन टाकत होतं आणि डॉक्टरीणबाई कमाल आहे म्हणत होत्या.

मग तुझी भावजय चार दिवस तिच्या बहिणीकडे गेली. मी सकाळी सातला मोजून खाणं घातलं आणि माझ्या पद्धतीने सुई दिली. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. बँकेतले साहेब सुट्टी असल्याने त्या दिवशी सकाळीच ट्रायलला आले होते. मी त्यांच्या पायाशी बसून टाचण्या लावत असताना मुकादम पडद्याआडून आला, दोन पावलं तिरका चालला, भिंतीला धडकला आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून पडला. तोंडातून लाळ. हाक मारली तर कान हलेना. मधाची बाटली सापडली, झाकण उघडेना, साहेबांनी ती खुर्चीच्या हातावर आपटून उघडली. हिरड्यांना मध चोळत मी बोलत होतो, काय बोलत होतो ते विचारू नकोस. मग साहेबांनी स्कूटर काढली. मी मांजर पोटाशी धरून मागे, आणि साहेब टाचण्या लावलेल्या पँटमध्ये पुढे. प्रत्येक खड्ड्याला ते फक्त 'अग आई' म्हणाले, थांबले नाहीत. अशा माणसाकडून शिलाईचे पैसे मी यापुढे घेणार नाही.

यंत्रावर अडतीस आलं. सलाईन लावलं, दुपारपर्यंत त्याने डोळे उघडले आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताला ओरबाडलं, तेव्हा त्या हसल्या. मग मात्र चौकशी सुरू झाली. मी मार्जिनचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, तुझ्या भावजयीला फोन लावला आणि बिस्किटांचं बाहेर आलं. तुम्ही दोघांनी मिळून त्याला महिनाभर वाचवलं आणि दोघांनी मिळून मारायलाही घेतलं होतं, असं त्या म्हणाल्या. या वयात, बाकावर सात माणसं आणि एक पोपट बसलेला असताना, मला कान पकडायला लावले नाहीत एवढंच. मला रागही आला आणि तो काढायला तोंडही नव्हतं, असला राग फार वाईट. पण तेव्हापासून भिंगातून बघून दोन रेघा भरतो. बिस्किटांचा डबा शेजारी गेला. तीन आठवड्यांत शुगर दीडशेच्या आत आली, परवा मंगळवारी मुकादम टेबलावर चढला आणि मी आखलेल्या खडूच्या रेषेवर बसला.

आता तुझ्या 'कसाई' या शब्दाकडे येतो. आज मशीनखाली जो जाऊन बसला होता तो सुईला भिऊन नाही. बिस्किटं बंद केली म्हणून तो रोज सहा ते पावणेसात रुसून तिथे बसतो. बाहेर काढला, ताटली पुढे ठेवली, तो खात असताना मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई दिली, आणि त्याने मान वर केली नाही. ती सुई माझ्या सगळ्यात बारीक हातशिलाईच्या सुईहून बारीक आहे. हे वाक्य तू दोनदा वाच. मांजराला कळत नाही ते अठरा वर्षं शुगर असलेल्या, घरातल्या सगळ्यांना पथ्य शिकवणाऱ्या बाईला आधीच कसं कळलं, हे मला समजावून सांग. ज्याने सुई घेतली तो टेबलावर चढला. हाल कोणाचे चालले आहेत ते तूच ठरव. मुलांना आशीर्वाद, आणि तुला जसा येईल तसा माझ्याबद्दलचा राग.

तुझा कसाई भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. तिचं म्हणणं, पहिले नऊ दिवस सुई तिने दिली होती आणि पहिल्या दिवशी मी इस्त्रीच्या ढिगावर चक्कर येऊन पडलो होतो, ते का लिहिलं नाही. मी पडलो नव्हतो, बसलो होतो. बसताना डोळे मिटलेले होते.

ता. क. दुसरा. आता खरं लिहितो. काल तुझ्या लेकाचा फोन आला होता. दोन महिने तुझ्या पायाची जखम भरत नाही आणि कोणाला दिसू नये म्हणून तू घरात मोजे घालून फिरतेस, हे मला त्याच्याकडून कळावं? तू मला कसाई म्हण, अजून काय हवं ते म्हण, पण ते ऐकल्यापासून माझा कामाला हात लागलेला नाही. ताई, मला फार भीती वाटते. सुईची भीती गेली असं मी वर भासवलं, ती गेलेली नाही, रोज दोनदा वाटते. रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय, म्हणजे मी आणि मुकादम. त्याची वेळ चुकवता येत नाही. डॉक्टरांकडे सोमवारी मी तुझ्याबरोबर येईन, त्यांनी जेवढ्या रेघा सांगितल्या तेवढ्याच भरीन, मार्जिन सोडणार नाही. सात वाजता आधी त्याला देईन, ते तू बघ. मग तुला. तोवर मोजे काढ, पाय कोरडा ठेव आणि पट्टी रोज बदल.