नकाशात न दिसणाऱ्या देशाचा केक

६ मार्च

चि. बुटक्यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्याशी फोनवर बोलायचं मी सोडून दिलं आहे. मी दहा वाक्यं बोलायची आणि पलीकडून तुझं एक ‘हं’ यायचं, हे काय बोलणं झालं? कागदावर नुसतं ‘हं’ लिहून पाकीट चिकटवायची तुला निदान लाज वाटेल, म्हणून पत्र.

आम्ही बरे आहोत. तुझे भावजी घड्याळांचं दुकान आता सकाळपुरतंच उघडतात आणि उरलेला दिवस माझ्या शिवणयंत्राला तेल घालून मला हैराण करतात. भिंगरी अगदी शहाण्यासारखी वागते, आणि हेच माझं दुखणं आहे रे. नावाची भिंगरी, पण इथे आल्यापासून एका जागी बसून असते. ताट स्वच्छ करते, वेणी स्वतः घालते, माझी बटणं रंगांप्रमाणे डब्यांत लावून देते. तिची आई गेली त्या दिवसापासून हे पोर एकदाही रडलेलं नाही. मी आडून आडून विषय काढला, तर मलाच रडू फुटलं, आणि तिने मला पाणी आणून दिलं.

‘थोडे दिवस’ म्हणून तू तिला ठेवून गेलास, त्यालाही महिने झाले. शाळेचं नवं वर्ष तोंडावर आलं आहे. तिला न्यायला कधी येतोस ते एकदा स्पष्ट लिही. आणि महिनाअखेरीस तिचा वाढदिवस आहे, नऊ पुरी होतील. साऱ्या जगाचे केक लोकांना खाऊ घालतोस, पोटच्या पोरीला एक पाठव. घेऊन आलास तर दुधात साखरच.

भावजींचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो काही कमीजास्त होत नाही. उत्तर मात्र चार ओळींपेक्षा मोठं यावं.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी बरा आहे. काम चालू आहे. दर आठवड्याला एका देशाचा केक काचेच्या कपाटात ठेवायची मालकांची टूम अजून संपलेली नाही. मागच्या आठवड्यात जर्मनीचा केला. आडव्या दांड्यावर मिश्रणाचा थर द्यायचा, दांडा आचेपुढे फिरवत भाजायचा, मग त्यावर दुसरा थर. कापला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. त्याआधी इटलीचा होता. तो भट्टीतून काढल्यावर उलटा टांगावा लागतो, नाहीतर आपल्याच वजनाने खाली बसतो. सध्या मेक्सिकोचा आहे, तीन तऱ्हांच्या दुधात भिजवलेला. पुढे जपानचा आहे. पोर्तुगालचे खलाशी तिकडे घेऊन गेले, आणि तिथल्या लोकांनी तो आपलाच करून टाकला.

तू माझं विचारलंस आणि मी देशच मोजत बसलो, म्हणून तू चिडशील. पण दुसरं लिहायला काही नाही गं. मला काही होत नाही. वाईटसुद्धा वाटत नाही. सकाळ होते, मी जातो, येतो. चवही लागत नाही. डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि ठीक आहे म्हणाले. तुला माहीतच आहे, भिंगरीची आई आणि मी एकाच ओट्यावर काम करायचो. मापं माझी आणि चव तिची. आता दुकानात काउंटरवरच्या बाई चाखून सांगतात.

भिंगरीचं मी ठरवलं आहे. तिला तुमच्याकडेच राहू दे, कायमची. शाळेचा दाखला पाठवून देतो. इथे होती तेव्हा ती समोर बसायची, मी तिच्याकडे बघायचो, आणि माझ्या आत काही म्हणजे काही हलायचं नाही. असा बाप असण्यापेक्षा तुम्ही दोघं बरे. तुम्हाला मूल नाही, तिला तुमचा लळा आहे. विचार करून कळव.

वाढदिवसाला रशियाचा मधाचा केक करतो. घरीच करतो, सुट्टीच्या दिवशी. मधाच्या पातळ चकत्या आणि मधे मलई. एक दिवस मुरला की जास्त चांगला लागतो, म्हणून प्रवासाला बरा. आमच्या मालाची गाडी तुमच्याकडूनच जाते. चालक बर्फाच्या पेटीतून आणून देईल. मला यायला जमणार नाही.

भावजींना नमस्कार. लोभ ठेव म्हणण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.

तुझा,
बुटक्या

२ एप्रिल

चि. बुटक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं या घरात आम्ही दोघंच एकमेकांची तोंडं बघत बसलो आहोत. भावजींनी तर पोरीसाठी अभ्यासाचं टेबलही बघून ठेवलं. मी तुला होकार लिहायला बसणार होते. पण वाढदिवस झाला, आणि आता हे लिहिते आहे. तुला कळवू नकोस म्हणून भिंगरीने मला बजावलं आहे. मी हो म्हटलं होतं, आणि ते मोडते आहे.

केक दिसायला देखणा होता. एकेक थर पट्टीने आखल्यासारखा. शेजारच्या बाई आणि त्यांची दोन मुलं आली होती. मी बोटभर जाडीचे काप केले, सगळ्यांनी घास घेतला, आणि अरे देवा! मलईत साखर नव्हती, मीठ होतं. चिमूटभर नव्हे रे, साखरेच्या मापाने मीठ! शेजारच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. भावजींचे डोळे पांढरे झाले. मी काही बोलणार, तेवढ्यात भिंगरी शांतपणे म्हणाली की हा केक असाच असतो. समुद्रात एक लहानसा देश आहे, इतका लहान की नकाशात दिसत नाही. तिथे मध फार गोड, म्हणून तिथले लोक मलईत साखर घालत नाहीत, मीठ घालतात. पाहुण्यांना आवडायला वेळ लागतो, असंही सांगितलं. मुलांनी त्या देशात हत्ती आहेत का म्हणून विचारलं, तर म्हणाली की लहान आहेत. भावजींनी बिचाऱ्यांनी त्या देशाचा मान राखायला दुसरा घास घेतला.

आणि ती स्वतः? आपला काप संपवला तिने. भुवईसुद्धा हलू दिली नाही. मी बशी ओढायला गेले तर हात आडवा घातला. मग स्वयंपाकघरात उभी राहून पाणी पीतच राहिली. मी म्हटलं, बाई गं, का खाल्लंस ते? तर म्हणाली की बाबांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल. बाबांना आता काही सांगायचं नसतं.

बुटक्या, तुला चव लागत नाही. तिला लागते, आणि तरी ती गिळते. कोणाचं जास्त वाईट चाललं आहे ते तूच बघ. तिला ठेवून घ्यायला मी एका पायावर तयार आहे. तू सांगशील तर उद्या शाळेत नाव घालते. पण इथे ती अशीच शहाणी राहील, आणि मला त्या शहाणपणाची भीती वाटते. माझ्याजवळ तिचं काही अडकलेलं नाही. जे आहे ते तुझ्याजवळ आहे.

पुढे लिहवत नाही. लोभ असू दे, आणि त्याचा मोर्चा थोडा भिंगरीकडे वळू दे.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून साखरेचा आणि मिठाचा डबा पाहिला. दोन्ही सारखेच आहेत, भिंगरीच्या आईने कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत; तिला गरज नव्हती. मी तशीच मलई पुन्हा केली आणि चमचाभर तोंडात घातली. खारट आहे एवढं कळलं. कोणी कानात येऊन सांगावं, तसं कळलं. तोंड वाकडं झालं नाही. मी अजून एक चमचा खाल्ला.

मग भिंगरी पूर्ण काप खाऊन बसलेली डोळ्यांसमोर आली, आणि मला भीती वाटली. ताई, इतक्या दिवसांत काही वाटलं असेल तर ते हेच. ही पोर जन्मभर माझ्यासमोर खारट खाईल आणि छान आहे म्हणेल. मी बरा झालेलो नाही. तिला बघून आत काही हलेल अशी मला खात्री नाही, आणि तसं वचनही मी देत नाही. पण केक वाईट झाला तर वाईट म्हणायचं, एवढं तिला शिकवायला हवं, आणि ज्याने वाईट केला त्यानेच ते शिकवायला हवं.

रविवारी येतो. टेबल घेऊ नका म्हणावं भावजींना. तुझ्या तोंडचा घास काढून नेतो आहे हे मला कळतं. रागाव हवं तर, पण लोभात खंड नको.

तुझा,
बुटक्या

२८ एप्रिल

ती. आत्याला आणि मामांना,
भिंगरीचा नमस्कार.

आत्या, आम्ही निघताना तू रडलीस म्हणून हे पत्र आधी तुला. मी बरी आहे. आमच्या घरात डब्यांवर आता मोठ्या अक्षरांत नावं आहेत, ती मी लिहिली. बाबा रोज मला मिश्रण चाखायला देतात. मी रोज छान म्हणायचे. बाबा म्हणायचे, नीट सांग. मी म्हणायचे, नीटच सांगते.

काल त्यांनी स्पेनचा बदामाचा केक केला. तो खालून जळला होता. मी छान म्हटलं. बाबांनी जळलेला तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले की मला चव लागत नाही, तू नाही सांगितलंस तर मला कोण सांगणार. मग मी म्हटलं की हा जळला आहे. आणि वाढदिवसाचा खारट होता, आणि मला उलटी येत होती. आणि तुम्ही आला नाहीत. आणि आई पण नाही. मग मला खूप रडू आलं. थांबवून थांबेना. आत्या, मी किती रडले तुला सांगून खरं वाटणार नाही.

बाबांना रडू नाही आलं. ते म्हणाले की त्यांना अजून येत नाही. पण ते खाली फरशीवर माझ्याजवळ बसले. ओव्हनमध्ये दुसरा केक होता, दुकानाचा, मालकांनी सांगितलेला. त्याचा वास यायला लागला. मी रडतारडताच म्हटलं, बाबा, उठा. ते म्हणाले, जळू दे. आम्ही बसून राहिलो आणि तो पूर्ण जळला.

तुमच्या दोघांवर माझा लोभ आहे, तुमचाही माझ्यावर असू द्या.

तुमची,
भिंगरी