आयेचा अंगठा

पावस, शुक्रवार

प्रिय आये,

हे पत्र तुला शेजारची योगिनी वाचून दाखवेल. योगिनी बाय, काकीला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नकोस हां, आहे तसं वाच. सोमवारी पोलीस ठाण्यातले साहेब आपल्या घरी येतील. पुढच्या पॅरोलला मला थेट घरी सोडलं तर तुझी हरकत आहे का, एवढंच विचारतील आणि कागदावर अंगठा घेतील. तू हो म्हणालीस तर नऊ वर्षांनी मी आपल्या गणपतीला असेन.

तोवर मी इथेच, मधल्या घरात. तुरुंग आणि घर यांच्या मधलं म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव हे. ज्यांना गाव घेत नाही ते पॅरोलचे दिवस इथे काढतात. निशिगंधाताई चालवतात. बाई गोड बोलते, पण सोडत नाही. दुकानात जा, भाव कर, एसटीत जागा माग, सगळं करायला लावते. पहिल्यांदा आलो तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे दिला, तर आम्हा नऊ माणसांना मी तुरुंगाच्या हिशोबाने दोनशेंचा भात लावायला निघालो. टोपच पुरेना. काशीराम म्हणून खेडकडचा एक म्हातारा आहे, तो हसून हसून खाली बसला. मग मीही हसलो. किती वर्षांनी, देव जाणे.

घराभोवती हापूसची बाग आहे. समुद्र दिसत नाही, पण दुपारी सगळं निजलं की ऐकू येतो. ऊन पानांतून खाली येता येता हिरवं होतं आणि माझा डोळा लागतो. मग रितेश येतो. बागेच्या दगडी गडग्यावर बसतो, मांडीवर जाळं घेतो नि फाटलेलं शिवत राहतो. अजून बावीस वर्षांचाच आहे गो तो. माझे केस पिकले आणि माझा धाकटा भाऊ तसाच, दाढी नीट न फुटलेला. बोलत नाही, रागावतही नाही. मी आडवा पडून त्याचे हात बघतो. डोळे उघडले की गडगा रिकामा असतो आणि तरी मला वाटतं, आता इथूनच उठून गेला. पहिले काही दिवस मी घाबरलो. आता वाट बघतो.

परवा काशीरामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या मनात काहीतरी अडकलंय, ते त्याला सोडवून हवंय." दोन रात्री मी त्यावर विचार केला आणि मग ताईंकडून हे कागद मागून घेतले.

आये, त्या नारळी पौर्णिमेची गोष्ट तुला मी सांगितली तेवढीच ठाऊक आहे. बाबा गेल्यावर दर्याला नारळ द्यायचा मान थोरला म्हणून माझा. मी पिऊन पडलो होतो. मुहूर्त टळत होता, होडीवरची माणसं खोळंबली होती, म्हणून रितेशने नारळ दिला. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा तो नमस्कार करत होता. आमची झटापट झाली आणि त्याचा पाय शेवाळावर घसरला, असं मी तुला सांगितलं. कोर्टाने नाही मानलं, पण तू मानलंस. त्या एका शब्दावर तू गावाशी वैर घेतलंस, मावशीशी बोलणं सोडलंस, मासळी विकायला एकटी रत्नागिरीला जात राहिलीस. दर भेटीला मला म्हणायचीस, माझा पोर असा नाही. आणि मी जाळीपलीकडून मान हलवायचो.

त्याचा पाय घसरला नव्हता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "दादा, उशीर झाला रे, रागावू नको." तो हसत होता. मी दोन्ही हातांनी त्याला ढकललं. चिऱ्याच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. एका नारळाच्या मानापायी मी माझ्या भावाला मारलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तुला हे पत्रातून कळवतोय, कारण समोर बसून सांगायची छाती नाही.

सोमवारी तू अंगठा लावशील तो माझ्या खोट्यावर लागू नये, म्हणून हे लिहिलं. तू हरकत आहे म्हणालीस तर मला कुणी जास्तीची शिक्षा देणार नाही, ती भीती मनात धरू नकोस. दर पॅरोलला मी इथेच येईन, ताईंनी खाट राखून ठेवली आहे. मला घरी यायचंय गो, खूप यायचंय. पण माझी आये म्हणून अंगठा लावू नकोस. रितेशची आये म्हणून काय ते ठरव.

तुझाच,
संदेश