गर्दी नसलेल्या अंगणातील दोन वाढीव खांबांबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता (पथदिवे),
नगरपालिका कार्यालय,
सारीयोकी.

विषय : आमच्या इमारतीच्या अंगणात नवे दोन प्रखर दिवे न बसवणे व बाबागाड्या आहेत तिथेच राहू देणे याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, "पादचाऱ्यांची वाढती गर्दी व उपाययोजना".

महोदय,

मी, सौ. आलीसा कोर्तेस्मा, तळमजल्यावर राहते. माझा मुलगा ओइवा आठ महिन्यांचा आहे. संदर्भीय पत्रात आपण कळवले आहे की दुपारच्या वेळी आमचे अंगण हे गावातील सर्वांत गजबजलेले ठिकाण ठरले असून, बाजारचौक दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे. सबब अंगणात दोन प्रखर दिवे उभारावेत आणि गर्दीत धक्का लागू नये म्हणून बाबागाड्या इमारतीच्या मागे, कचरापेट्यांच्या शेडजवळ न्याव्यात, असे आपण ठरवले आहे. अंगणात गर्दी नाही हे निदर्शनास आणण्यासाठी हा अर्ज करीत आहे.

१) आपल्याकडे तान्ही मुले कडाक्याच्या थंडीतही दुपारी बाहेर गाडीत झोपतात, हे आपणांस सांगायला नको; आपणही तसेच झोपला असाल. ओइवाची गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असते. मागच्या बाजूला आम्हाला खिडकीच नाही. गाडी तिकडे नेल्यास मला ती दिसणार नाही, आणि न दिसणारे मूल झोपले आहे यावर विश्वास ठेवणे मला जमत नाही. माझी खरी अडचण एवढीच आहे. बाकी सर्व मजकूर तिच्या पुष्ट्यर्थ आहे.

२) गाडीशेजारचा दिवा तंत्रविद्यालयाच्या प्रकाशयोजना वर्गातील मुलांनी शरद ऋतूत बसवला. सध्या हिवाळ्यामुळे सूर्यच उगवत नसल्याने तो भर दुपारीही मंद जळत असतो, आणि हलणारी ऊब दिसली की उजळतो. थंडीत गावकऱ्यांचे फक्त नाक उघडे असते, त्यामुळे माणूस हुकू नये म्हणून मुलांनी त्याचा सेन्सर फार हळवा ठेवला. उजळल्याची प्रत्येक वेळ एक पादचारी म्हणून आपोआप आपल्या कार्यालयात पोहोचते. सगळा विचार उत्तम होता. फक्त त्यांनी सर्व पादचारी चालणारे धरले.

३) ओइवा झोपेत हातमोजा काढतो व हात दुलईबाहेर काढून हलवतो. गार अंगणात तो उघडा, ऊबदार हात दिव्याला ठळक दिसतो. दिवा उजळतो. आपल्या नोंदीत एक पादचारी वाढतो. आमचा पादचारी अद्याप रांगतही नाही.

४) दिवा उजळला की काहीतरी झाले असे समजून मी घरातल्या चपलांनिशी बाहेर धावते. येताना एक नोंद, जाताना एक. तोवर ओइवा जागा झालेला असतो; दिव्यानेच त्याला उठवले, असे मी धरून चालले होते. मला धावताना पाहून वरच्या मजल्यावरील श्रीमती राईली होंगिस्तो खाली येतात. "काय गं, आज काय झालं? काही झालं नसेल तर कॉफी आणू का?" असे विचारतात, आणि कॉफी आणायला पुन्हा वर जातात. त्यांच्यामागे त्यांचा कुत्रा असतो. तो फार हलतो.

५) आपल्या गर्दीच्या जाहीर नकाशावर आमचे अंगण लाल दिसू लागल्यापासून परिस्थिती हाताबाहेर गेली आहे. प्रथम एक सॉसेजविक्रेता गाडा घेऊन आला. तीन बाबागाड्या, कुत्रा आणि राईलीबाई पाहून तो म्हणाला, "लोक कुठायत?" राईलीबाई म्हणाल्या, "आम्ही काय मुळे-गाजरं आहोत का?" मग बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सर्व बिऱ्हाडांनी खाली येऊन सॉसेज घेतले. त्या दिवशी आम्ही बाजारचौकाला मागे टाकले असावे. नंतर नगरपालिका निवडणुकीचे एक उमेदवार, "जनतेत मिसळायला" म्हणून, कॉफीचे मोठे थर्मास घेऊन आले. जनता झोपली होती. ते कुजबुजत भाषण करून गेले आणि आमच्या अंगणाच्या विकासाचे वचन देऊन गेले. विकास हा शब्द ऐकल्यापासून मला झोप नाही.

६) मी स्वतः उपाय केले नाहीत असे नाही. गाडीच्या छतावर चकचकीत फॉइल लावली. तेव्हा समोरचे गृहस्थ खाली येऊन फॉइलमधला मासा केव्हा भाजून होईल असे विचारू लागले. माझे पती योउनी यांचे म्हणणे, "तू बाहेर जायचं थांब ना जरा. घराला आग लागल्यासारखी पळतेस." त्यांच्या या विधानाकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

७) अखेर तंत्रविद्यालयाचे अध्यापक श्री. कार्लो वुएन्तो शिडी घेऊन आले. सेन्सर तळहाताएवढा वळवला की काम होईल, परंतु खांब नगरपालिकेचा असल्याने लेखी परवानगीशिवाय हात लावता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तोवर नुसते निरीक्षण करू म्हणाले. "तुम्ही आतच थांबा. राईलीबाई, तुम्हीही. आणि त्या कुत्र्याला धरा." श्री. वुएन्तोंसह आम्ही तिघे आत खिडकीशी उभे राहिलो. राईलीबाईंनी माझी बाही धरून ठेवली होती.

ओइवाने हात बाहेर काढला. दिवा उजळला. मी दाराकडे निघाले. "हलू नकोस गं," राईलीबाई म्हणाल्या. ओइवाने डोळे उघडून दिव्याकडे पाहिले, जणू ओळखीचे कोणी भेटले. मग हात आपणहून दुलईत ओढला, तोंड वळवले आणि झोपला. दिवा हळूहळू मंद झाला. अंगणात कोणीही नव्हते.

"दिव्यानं त्याला उठवलं नाही," श्री. वुएन्तो म्हणाले. "मग रोज कोण उठवतं?" असे राईलीबाईंनी विचारले व लगेच कॉफी गाळायला वळल्या. विज्ञानाची पदवी असून हा प्रयोग मी एकदाही करून पाहिला नव्हता. घाबरलेल्या माणसाला तुलनेसाठी स्वस्थ बसणे सुचत नाही.

तरी विनंती की,

(अ) नवे दोन दिवे रद्द करावेत. ते आले तर अंगण भर दिवसासारखे होईल, आणि मग खरोखरच सगळे गाव येईल.

(ब) आहे तो दिवा काढू नये व सेन्सरही वळवू नये. सुरुवातीला मी नेमकी याच्या उलट मागणी करणार होते. ओइवाची व त्याची ओळख झाली आहे, ती मोडू नये. वाटल्यास आमच्या अंगणाची मोजणी बंद करावी.

(क) बाबागाड्या खिडकीखालीच राहू द्याव्यात.

यापुढे दिवा उजळला म्हणून मी बाहेर धावणार नाही, असे मी येथे लिहून देते. मात्र प्रत्येक झोपेत एकदा, अगदी सावकाश, मी बाहेर जाईन आणि त्याच्या नाकाजवळ गाल नेऊन तो श्वास घेतो आहे ना, ते पाहीन. ते मला सोडवणार नाही. त्या वेळी दिवा उजळेल, आणि मोजणी चालू राहिलीच तर तेवढी एक व्यक्ती आपण नोंदवून घ्यावी. ती खरी आहे.

खिडकीशी उभी असलेली,
आपली नम्र,
आलीसा कोर्तेस्मा

सारीयोकी, ९ डिसेंबर

सोबत :
१. श्रीमती होंगिस्तो यांचे निवेदन (कॉफीचा डाग त्यांचाच आहे).
२. सॉसेजविक्रेत्याचे पत्र : लोक नव्हते, परंतु माल संपला.