गोविंदाचे बैल आणि माझा संगणक

ओस्लो, ऑक्टोबर १९७४

सौ. इंदिरेस आशीर्वाद आणि रोजची आठवण.

प्रकृती उत्तम. गुडघा थंडीने कुरकुरतो, एवढंच.

इथल्या संगणकाच्या परीक्षेत नापास झालो, तर मला घरी पाठवणार होते. माझी जुनी खोड म्हणजे संगणकाला पायरीन् पायरी आपणच सांगायची. इथल्या नव्या रीतीत आज्ञावलीच्या प्रत्येक भागाला त्याचं काम आणि सामान सोपवायचं, आपण फक्त हाक मारायची. तीनदा चुकलो. मग आपल्या वडिवळ्याच्या शेतातली इर्जिक आठवली. शेजारी बैल घेऊन मदतीला आलेले आणि मी बांधावरून हुकूम सोडतोय! तू म्हणालीस, "अहो, बसा खाली! गोविंदाचे बैल गोविंदा जाणे."

तसंच लिहिलं आणि पास झालो. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं?" तुझं नाव सांगितलं.

कापणी तुझ्या मनाने कर, मी काही विचारणार नाही. भात भिजलं नाही ना?

तुझा, बांधावरून उतरू पाहणारा
शरच्चंद्र