लामत्याची कमान

लामता, जि. बालाघाट
१८ फेब्रुवारी १९६८

चि. भोजराज यास विमलाताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं आणि शाळा सुटायच्या आत गावभर झालं. पोस्टमनला धीर कुठला! त्याने मला चौकातच ते मोठ्याने वाचायला लावलं. आपल्या मुरमाच्या पट्टीवर पहिलं विमान उतरणार आणि ते चालवणार तू, हे बाबांनी ऐकलं. फेटा सोडला, पुन्हा बांधला आणि दुलीचंद पटेलांच्या घराकडे निघाले. आजवर बाबा त्या ओट्याखाली उभे राहूनच बोलत. या वेळी पटेलांनी त्यांना वर बसवून घेतलं. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट मायला दोनदा सांगितली आणि मला तिसऱ्यांदा.

तुझ्यासोबत येणारे सरकारी साहेब पट्टी तपासणार, त्यांना ती पटली तर पावसाळ्यात रस्ता तुटला की आजाऱ्यांना न्यायला विमान येत जाईल, हे मी मायला नीट समजावलं. तिने त्यातून एवढंच घेतलं की पोरगा येतो आहे. साहेब मासे खातो का, आणि विमान उभं करून जेवायले थांबता येते का, हे विचार म्हणते. मी म्हटलं, ती काय बैलगाडी आहे का. तर म्हणते, माह्या पोराची गाडीच हाय थे.

बाबांचं बांबूबिंबूंचं काहीतरी चाललं आहे, पण तुला कळवायची मला सक्त मनाई आहे. म्हणून इथेच थांबते. जिवाला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
विमला

—

भोपाळ
२७ फेब्रुवारी १९६८

ती. बाबा व माय यांच्या चरणी भोजराजचा जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. साहेब मासे खातात, आणि मायला सांगा, विमान जेवणापुरतं थांबतं. मात्र ऊन चढायच्या आत निघावं लागेल. तापलेल्या हवेत आमचं विमान लवकर उचलत नाही आणि आपली पट्टी आहे आखूड.

बाबा, तुम्ही एकदा विचारलं होतं की एवढ्याशा जागेत उतरता तरी कसे. गेल्या महिन्यात बस्तरकडे एका पट्टीवर गेलो होतो. पट्टी कसली, भाताचं शेत सपाट केलेलं. आधी वरून एक फेरी मारून गुरं हाकलायची, मग उतरायचं. निघताना भार कमी करायला माझी स्वतःची पेटी तिथेच ठेवून आलो. सोबतचे वैमानिक हसतात, पण मला या लहान पट्ट्याच आवडतात. मोठ्या विमानतळावर कुणीही उतरेल.

लामत्याच्या पट्टीच्या एका टोकाला टेकडी आहे, दुसऱ्या टोकाला नाला. म्हणून मला नाल्याच्या बाजूने, अगदी खालून यावं लागेल आणि पट्टी जिथे सुरू होते तिथेच चाकं टेकवावी लागतील. उशिरा टेकली तर थेट टेकडीत. तेव्हा १६ मार्चला सकाळी पट्टीवर गुरं, पोरं कुणी येणार नाही एवढं तुम्ही बघा. तुमचा शब्द आता गाव ऐकेल.

तुमच्यासमोर उतरायचं या विचाराने मला आत्तापासून शाळेतल्या परीक्षेसारखं होतं. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
भोजराज

—

लामता
१७ मार्च १९६८

चि. भोजराज यास आशीर्वाद. वि. वि.

काल काय झालं रे? तू सुखरूप पोचलास ना, हे आधी लिही. मग बाकीचं.

पट्टीवर एक शेळीसुद्धा नव्हती. बाबांनी दोरी बांधून सगळ्यांना बाजूला बसवलं होतं. आता लिहायला हरकत नाही म्हणून सांगते, तुझ्यासाठी त्यांनी कमान उभारली होती. बांबू पटेलांनी दिले, आणि त्यांचे मुलगे आपल्या वस्तीतल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून खड्डे खणत होते. मी हे गावात प्रथमच पाहिलं. आंब्याचे डहाळे, झेंडू, निळ्या पताका, आणि वर कापसाच्या अक्षरांत तुझं पूर्ण नाव, भोजराज चैतराम मेश्राम. तू नाल्याकडून येणार म्हणून नाल्याच्याच तोंडाला, पट्टी सुरू होते तिथे उभी केली. मानाचा पाहुणा कमानीतून आत यावा, असं बाबांचं म्हणणं. चांगली उंच बांधली होती.

तू आलास, खाली आलास, आणि अगदी डोक्यावरून घरघरत वर गेलास. आम्हाला वाटलं, सलामी दिलीस. टाळ्या काय वाजल्या! मग पुन्हा आलास, पुन्हा वर गेलास. आणि त्यानंतर आलाच नाहीस. लोक ऊन तापेपर्यंत बसून होते. बाबूलाल हॉटेलवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की मेश्रामचं पोट्टं भेलं. तू भ्यालास म्हणे! बाबांनी ऐकलं. घरी आल्यापासून ते बाजेवर पडून आहेत. मायने मासे शेजारी वाटून टाकले.

मला तुझा राग आला आहे, आणि तुझी काळजी वाटते आहे. दोन्ही एकदम. लगेच लिही, नाहीतर ताई म्हणू नकोस.

विमला

—

भोपाळ
२२ मार्च १९६८

ती. बाबांच्या चरणी जयभीम. वि. वि.

मी आणि साहेब दोघेही सुखरूप आहोत. तुम्हाला एवढ्या लोकांत मान खाली घालावी लागली, हे वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. ऐनवेळी वारा फिरला, बाबा. लहान पट्टीवर असा वारा असला की उतरता येत नाही. यात तुमच्या बंदोबस्ताचा काही दोष नाही. साहेबही नाराज नाहीत. सात एप्रिलला पुन्हा येऊन बघू म्हणतात.

कमान मी वरून पाहिली. माझं नावही वाचलं. इतकी सुंदर कमान मी कुठेच पाहिली नाही. पुढच्या वेळी मात्र ती गावाच्या वेशीवर जास्त शोभेल असं वाटतं. तिथून मला तुमच्याबरोबर पायी चालत आत येता येईल.

मायची समजूत काढा. कृपादृष्टी आहे ती तशीच ठेवावी.

आपला,
भोजराज

—

लामता
२९ मार्च १९६८

(मी सांगेन तसंच लिही, तुही शाळेतली भाषा मधात आणू नको, अशी बाबांची ताकीद आहे. म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे. – विमला)

चि. भोजराज, तुह्या बापाचा जयभीम.

तुहं पत्र ऐकलं. वारा फिरला म्हणतं. बेटा, त्या सकाळी बायकाइनं मोहाखालचा पाला जाळला होता. त्याचा धूर सरळ वर जाऊन राह्यला होता. मी तुही वाट पाहून राह्यलो होतो, मले दुसरं पाहाले काय होतं? वारा कुठून आणला तू?

मंग थे कमान वेशीवर शोभते म्हणून लिहिलं, थे काही मनातून जाईना. मी पट्टीवर गेलो. नाल्यात उतरलो, अन् तू येतं तसा खालून वर पाहत आलो. समोर माही कमान, दुसरं काही दिसेच ना. तू दोनदा तिच्यापर्यंत आलता. पोरगा मरता मरता वाचला अन् आम्ही टाळ्या वाजवून राह्यलो होतो.

मायले सांगितलं. थे रडली, मंग मले बोलली, थे लिहीत नाही.

परवा पटेलाच्या ओट्यावर सारे बसले होते. बाबूलालनं पुन्हा थेच काढलं. मी उभा झालो. म्हणलं, हौ, भेला माहा पोरगा. गाडीत साहेब होता, खाली तुमचे लेकरं बसले होते, म्हणून भेला. त्याच्या वाटेत कमान कोणी उभी केली? मी केली. त्यानं मले दोष देला नाही, वाऱ्याले देला. उतरून दाखवणारे लय भेटतीन. सारं गाव डोळे लावून बसलं, बाप बसला, वर आपलंच नाव लिहिलं, तरी गाडी परतवून नेणारा मले एक दाखवा. पटेल उठला, कुऱ्हाड घेतली, अन् माह्यासंग पट्टीवर आला. दोघाइनं मिळून कमान काढली. बांबू वेशीवर नेऊन ठेवले हाय.

सात तारखेले ये. पण एक आयक. माही लाज झाकाले खोटं लिहू नको, मले त्याची गरज नाही. अन् त्या दिवशीही मनात जराशी शंका आली तर खुशाल परत जाय. मी इथं साऱ्याइच्या मधात उभा राहून वर बोट दाखवीन, अन् सांगीन, थो जाऊन राह्यला, थो माहा पोरगा.

माया हाय थे हाय, तिले कागद पुरत नाही.

तुहा बाप,
चैतराम