शिंगाळ्याचं पोट

मिरा रोड, रविवार, १५ मार्च १९९२

१. सकाळी धर्माकाकांच्या होडीतून खाडीत गळ टाकले.
२. माझ्या गळाला शिंगाळा लागला. तीन रविवारांतला पहिला मासा.
३. काकांना मोतीबिंदू, हात वल्ह्यावर. त्यांनी विचारलं, "बाय, पोट चाचपून बघ. गाबोळी हाय का?"
४. मी "नाही" म्हटलं.

पोट घट्ट होतं. अंगठ्याखाली अंड्यांचे दाणे लागत होते. फाल्गुनात गाबोळीची मासळी काका पाण्यात परत सोडतात, हे मला माहीत होतं. पण मासा बाबांना दाखवायचा होता. एवढंच कारण?

काका म्हणाले, "लॅबवाली तू. तुझा हात चुकायचा न्हाय." मी टोपलीवर ओलं फडकं टाकलं.

घरी आईनं मासा चिरला. "अगं, वाटीभर गाबोळी निघाली." बाबांनी कौतुक केलं. मी ताटातली गाबोळी बाजूला सारली. लॅबमध्ये दोन दशांशांपर्यंत आकडे लिहिणारी मी. ते दाणे अंगठ्याला अजून जाणवतायत.

काकांची सून सुनंदा माझ्याच लॅबमध्ये असते. उद्या तिच्याकडे चिठ्ठी देईन, ती वाचून दाखवेल:

"काका, गाबोळी होती. मला तेव्हाच कळलं होतं. पुढच्या रविवारी होडीवर येऊ की नको, ते शनिवारपर्यंत सुनंदाजवळ सांगा."