शेगडी शोधू नकोस

आई,

अफूची शेगडी शोधू नकोस. नळी आणि चिमट्यासकट मी ती गाडीत टाकून नेली आहे. बाबांची कबर गुलाबपाण्यानं धुऊन दुपारपर्यंत येते. येताना शेगडी बरोबर नसेल.

फरामर्झकाका ओरडतीलच, "चाळिसाव्या दिवसाला आलेल्या पाहुण्यांना नुसता चहा? केरमानात तोंड कसं दाखवायचं?" त्यांना म्हणावं, ज्या अफूनं तुमचा भाऊ नेला, तीच त्याच्या नावानं वाटायची असेल तर आपल्या घरी वाटा. इथं हलवा आहे, तो खा.

आणि काल तू सियामकला नळी दिलीस, तेव्हा मी दारातच उभी होते. "ओढ रे राजा, एकच झुरका. बाप गेलाय, छातीत दुखतंय तुझ्या. औषधच आहे हे." आजीनं बाबांना गुडघ्यासाठी अगदी असंच दिलं होतं ना? त्याबद्दल तू आयुष्यभर तिला बोल लावलेस. शेवटी छातीतली कळसुद्धा बाबांनी अफूनंच दाबली आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तू त्यांच्या उशाशीच होतीस. मग आणखी कुणी सांगायचं तुला?

चहाच्या समोवारखालचा गॅस बारीक केलाय, तेवढं लक्ष ठेव. सियामक उठला की त्याला भाकरी आणि पनीर दे. रडायला लागला तर गप्प करू नकोस. दुखतंय तर दुखू दे त्याला. बाप गेलाय त्याचा.

गोलनार